गारठ्यात थांबणारा ठणका

आत्याला गोठलेला समुद्र बघायचा होता आणि कुत्र्यांच्या गाडीशिवाय तिथे जायला दुसरा मार्ग नव्हता. आमच्या मोहिमेचं कारण एवढंच.

आत्याचं चष्म्याचं दुकान होतं. अरुंद आणि लांबट. भिंतीला टेकलेली एक खुर्ची, खुर्चीच्या वर उजेड लावलेला अक्षरांचा तक्ता आणि समोर आरसा. डोळे तपासायला ती लांबीही कमी पडायची म्हणून तिने आरशाने अंतर दुप्पट करून घेतलं होतं. गिऱ्हाईक आरशात बघून अक्षरं वाचायचं आणि आत्या त्याच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलत विचारायची, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" सगळी हयात यात गेल्यावर तिने दुकान विकलं आणि घरात जाहीर केलं, "आता मला खरंच लांबचं काहीतरी बघायचंय. आरशातलं नको."

उत्तरेकडे एक खिंड होती. हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीने दुसऱ्या दिवशी तिच्या माथ्यावर पोचता यायचं. हवा स्वच्छ असेल तर तिथून खाली क्षितिजापर्यंत पसरलेला पांढरा समुद्र दिसायचा आणि त्यात रुतून बसलेली बेटं. बाबांनी बहिणीला एकच अट घातली: पोरीला बरोबर न्यायचं. मी पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर परीक्षा पास होऊन घरात बसले होते.

"हिला एरवी तरी काय काम आहे," बाबा म्हणाले.

"चालेल," आत्या म्हणाली. "शास्त्रज्ञबाई असली की सामान उचलायला बरी."

उत्तरेतल्या त्या लहानशा गावात उतरलो आणि सामान बांधता बांधता माझ्या लक्षात आलं की आत्या डाव्या बाजूनेच खातेय. मी विचारलं.

"खालची उजवी दाढ," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ठणकते."

"कधीपासून?"

"दुकान विकायच्या आधीपासून. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. त्याने चार-पाच वेळा यायला सांगितलं. म्हटलं, परत आल्यावर बघू."

"आत्या, आपण उणे वीस तापमानात निघालोय."

"मग? गोळ्या आहेत माझ्याकडे. तू तोंड पाडू नकोस, दाढ माझी आहे. आणि तुझ्या बापाला कळवलंस तर बघ."

कुत्र्यांचं आवार गावाच्या टोकाला होतं. ओळीने लावलेली लाकडी खुराडी आणि प्रत्येक खुराड्याच्या छपरावर उभा एक कुत्रा. आमच्या वाटाड्याने जुंपायचे पट्टे हातात घेतले मात्र, सगळं आवार एकदम ओरडायला लागलं! कुणी जागच्या जागी उड्या मारत होतं, कुणी साखळी ताणून दोन पायांवर उभं. प्रत्येकाचं म्हणणं एकच: मला ने.

वाटाड्या पन्नाशीचा होता. दाढीत बर्फाचे मणी अडकलेले आणि बोलणं मोजकं.

"ताई, नियम एकच," तो आत्याला म्हणाला. "गाडी उलटली, तुम्ही पडलात, काहीही झालं, तरी दांडी सोडायची नाही. हात सुटला की गाडी गेली. कुत्री मागे वळून बघत नाहीत."

"आमच्या भावासारखीच आहेत म्हणजे," आत्या म्हणाली.

गाड्या दोन होत्या. पुढच्या गाडीत सामान आणि वाटाड्या. मागची आमची, सहा कुत्र्यांची. एकीने मागे लाकडी धावांवर, म्हणजे गाडीखालच्या बर्फावर घसरणाऱ्या लांब फळ्यांवर, उभं राहून दांडी धरायची, दुसरीने पुढे पांघरुणात बसायचं, दमलं की अदलाबदल. दोन्ही धावांच्या मध्ये दातेरी ब्रेक होता, पायाने दाबायचा. थांबल्यावर बर्फात रोवायला दोरीला बांधलेला एक लोखंडी आकडा होता. कुत्र्यांना वाटाड्याने दिलेली नावं होती, पण आत्याने पहिल्याच तासात ती बदलून टाकली. सर्वांत पुढे, मान ताठ ठेवून चालणारा म्हातारा तो पंतोजी. त्याच्या जोडीची, एक शब्द न बोलता सगळा भार ओढणारी ती सूनबाई. आणि गाडीला लागून जुंपलेला, थांबलं की भुंकून तक्रार करणारा तो वकील. वाटाड्याने एकदोनदा हरकत घेतली आणि मग तोही वकिलाला वकील म्हणायला लागला.

वाटाड्याने दोर सोडला. गाडीला असा हिसका बसला की माझी मान मागे गेली, आणि त्याच क्षणी सगळा ओरडा थांबला! इतका वेळ आकाशपाताळ एक करणारी कुत्री एकदम मुकी झाली. ऐकू येत होते ते फक्त चोवीस पंजे, त्यांचे श्वास आणि धावांखालचा बर्फाचा बारीक खरखर आवाज. झाडं विरळ होत गेली. टेकड्यांच्या कडा निळ्या दिसायला लागल्या आणि सूर्य क्षितिजाला हात टेकून चालावा तसा आमच्याबरोबर चालत राहिला. दांडी आत्याच्या हातात होती. तिने तोंडावरची लोकरी पट्टी खाली ओढली होती आणि ती चक्क गाणं म्हणत होती.

"आत्या, दाढ?"

"कुठली दाढ?"

मला हायसं वाटलं. गारठ्याने दाढ बधिर झाली असणार, असा मी निष्कर्ष काढला. थंडी हे औषध असेल तर आमच्याकडे औषधाला तोटा नव्हता.

दुपार कलताना आम्ही मुक्कामाच्या झोपडीत पोचलो. लाकडी भिंती, दोन बाकं आणि मधोमध लोखंडी शेगडी. वाटाड्याने शेगडी पेटवली, कुत्र्यांना मांसाचे तुकडे घातलेलं कोमट पाणी पाजलं आणि आमच्या हातात गरम सूपचे वाडगे दिले. आत्याने पहिला घोट घेतला. वाडगा खाली ठेवला. दोन्ही हातांनी जबडा धरून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या पाठीवरून मला दिसत होतं की ती श्वास रोखून धरतेय.

"तिखट होतं का?" वाटाड्याने मला हळूच विचारलं.

मी त्याला दाढेचं सांगितलं. तो आत्याकडे वळला.

"हे आवारात सांगायचं होतं, ताई."

"आवारात सांगितलं असतं तर नेलं असतंत का?"

"नसतं नेलं."

"म्हणून नाही सांगितलं."

आत्या दार उघडून बाहेर गेली. जरा वेळाने मी मागोमाग गेले, तर ती पंतोजीच्या शेजारी बर्फात बसून आरामात त्याचं कान खाजवणं बघत होती. दाढ गप्प होती. तिला आत आणलं. शेगडीपाशी बसवलं. पुन्हा ठणका! बाहेर नेलं. पुन्हा शांत. आता मला स्वस्थ बसवेना. मी एका पेल्यात कोमट पाणी घेतलं, दुसऱ्यात गार, तिसऱ्यात बर्फाचा चुरा, आणि आत्याला एकेक तोंडात धरायला लावला. कोमट पाण्याला तिने माझा हात झिडकारला. गार पाण्याला डोळे मिटून मान डोलावली. बर्फाचा चुरा तिने मागून घेतला.

"अगं, उलटं आहे हे," मी म्हणाले. "साध्या किडलेल्या दाताला गार लागतं. तुझ्या दाढेला गरम लागतंय. आतला गाभा सडायला लागला असणार, आणि त्यात वायू साठला असणार. बंद भांड्यातल्या वायूसारखं आहे. तापवलं की दाब वाढतो, गार केलं की उतरतो."

"म्हणजे माझ्या तोंडात कुकर आहे."

"साधारण."

"मग सोपं आहे. शिट्टी होऊ द्यायची नाही. उद्या दिवसभर बाहेरच राहायचंय ना आपल्याला?"

वाटाड्याला हे पटलं नाही. पण दोन्हीकडून हसरा आणि ठाम चेहरा पुढे आल्यावर त्याने खांदे उडवले. सकाळी बघू, म्हणाला. आत्या दाराजवळच्या बाकावर, फटीतून येणाऱ्या वाऱ्याकडे गाल करून झोपली.

सकाळी आकाश काचेसारखं स्वच्छ होतं. आत्याने गालावरची पट्टी उजव्या बाजूने खाली दुमडली, तोंडात बर्फाचा खडा ठेवला आणि विचारलं, "शास्त्रज्ञबाई, चालेल ना?" आणि मी चालेल म्हणाले! कालचा प्रयोग माझा होता, निष्कर्ष माझा होता आणि तो इतका नीट जुळला होता की दाढ गालाच्या आत असते एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

झोपडीपुढे लांबच लांब तळं होतं. बर्फ जाड होता, गाडीला कसलीच भीती नव्हती. पण मध्यावर पोचलो आणि पांढऱ्या जमिनीचा रंग अचानक राखाडी झाला. बर्फाच्या भाराने खालचं पाणी फटींतून वर आलं होतं आणि वरच्या भुसभुशीत थराखाली लपून बसलं होतं. वाटाड्याची गाडी थोडी बाजूने निघून गेली. आमची थेट आत शिरली. पंतोजीचे पाय पोटापर्यंत बुडाले. धावा चिखलात रुताव्यात तशा रुतल्या. गाडी थांबली!

"थांबू देऊ नकोस!" वाटाड्या पुढून ओरडला. "गोठेल ती तिथेच!"

दांडीवर मी होते. उतरले. गुडघ्याखाली थंडीचा चावा बसला. दांडीला खांदा लावला. ढकललं. गाडी हलली नाही. आत्या पांघरूण फेकून खाली उतरली आणि माझ्या शेजारी आली. आम्ही दोघींनी ढकललं. सूनबाईने मान खाली घातली, पोट जमिनीला टेकवलं आणि ओढलं. वकील पहिल्यांदाच भुंकला नाही. गाडी चुळबुळली, सरकली, आणि सुळकन पलीकडच्या कोरड्या बर्फावर चढली! मी दांडीला लोंबकळतच बाहेर आले. आत्याने बसायच्या जागेची कड धरली होती, तीही आली.

वाटाड्याने आम्हा दोघींना बूट काढायला लावले, कोरडे मोजे दिले, आणि कुत्र्यांच्या बोटांमध्ये जमलेला बर्फ त्याने एकेक पंजा हातात घेऊन तोंडाच्या वाफेने सोडवला. कुणालाही इजा नव्हती. आत्या हसत होती. तिच्या हसण्यात काहीतरी वेगळं होतं, तोंड एका बाजूला कमी वळत होतं. ते मी बघितलं आणि सोडून दिलं. खिंड दिसायला लागली होती.

चढ लांबलचक होता. दर थोड्या वेळाने आम्ही उतरून गाडीमागे चालत होतो. झाडं संपली. वर दोन डोंगरांच्या मधे आकाशाचा एक स्वच्छ निळा तुकडा होता, आणि त्याच्या पलीकडे समुद्र. वारा आता समोरून येत होता आणि बर्फाचे बारीक कण जमिनीलगत सापासारखे सळसळत खाली येत होते. वाटाड्या थांबला. डोंगराच्या शेंड्यावरून निघालेला बर्फाचा पांढरा पिसारा तो न्याहाळत होता.

"वर वारा वाढतोय," तो म्हणाला. "जायचं तर आत्ता. माथा गाठायचा, बघायचं, लगेच फिरायचं."

मी आत्याकडे वळले, आणि मला तिचा उजवा गाल दिसला. गालफडावर मेणासारखा पांढरा डाग होता. बाकीचा चेहरा लालबुंद आणि तो तेवढा तुकडा मेलेला.

"आत्या, गालाला हात लाव."

तिने हातमोजा काढून बोट लावलं. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "हं. काही लागत नाही."

वाटाड्या धावत आला. "चोळू नका! बर्फ तर अजिबात लावू नका. हाताची ऊब द्या."

मी माझा उघडा तळवा तिच्या गालावर ठेवला. संगमरवराला हात लावल्यासारखं वाटलं. मिनिटभर काही नाही. मग आत्याचे डोळे विस्फारले. गाल शुद्धीवर येत होता आणि त्याच्या मागोमाग दाढही! तिने माझं मनगट धरून हात बाजूला ओढला.

"नको. नको गं. फुटेल डोकं."

"गाल जाईल आत्या!"

"जाऊ दे गाल."

असा सगळा गुंता होता. गाल वाचवायचा तर ऊब हवी, दाढ शांत ठेवायची तर गारठा हवा, आणि दोघांच्या मध्ये बोटभर जाडीचं मांस. मी डोळे मिटले. उष्णता कुठून येते, कुठे जाते. बाहेरून ऊब द्यायची, पण ती दाढेपर्यंत पोचण्याआधी वाटेत अडवायची.

"दादा, पाण्याची बाटली. गार, पण न गोठलेलं."

त्याच्या अंगरख्याच्या खिशात, लोकरीत गुंडाळलेली एक होती. मी आत्याला घोटभर पाणी उजव्या गालात धरायला लावलं आणि बाहेरून तळवा परत ठेवला. आतून पाणी, बाहेरून हात. आत्या फुगलेल्या गालाने, भुवया वर करून माझ्याकडे बघत राहिली. पाणी कोमट व्हायला लागलं की ती हाताने खूण करायची, थुंकायची, मी दुसरा घोट द्यायचे. तिसऱ्या घोटाला पांढऱ्या डागाच्या कडेला गुलाबी रेघ उमटली. पाचव्या घोटाला डाग विरला. गाल झोंबत असणार, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने अंगठा वर केला.

मी खाली बर्फातच बसले.

पण हात काढला तेव्हा मला आणखी एक गोष्ट जाणवली. जबड्याची कड हाताला लागत नव्हती. सूज आली होती. मघाशी हसू वाकडं झालं होतं ते यामुळे. वाटाड्यानेही बोटांनी चाचपून बघितलं.

"ही गळ्याकडे उतरली तर श्वासाला लागते," तो शांतपणे म्हणाला. "दवाखाना गावात आहे. मागे."

आत्या त्या निळ्या तुकड्याकडे बघत होती. तो इतका जवळ होता की चालतही गेलो असतो.

"एवढं येऊन?" ती म्हणाली. "पट्टी वर घेते. नीट बांधते. वर जाऊ, बघू, फिरू. दादा स्वतः म्हणाले."

"ते गाल बघायच्या आधी," वाटाड्या म्हणाला.

मी तिला नाही म्हणू शकले असते. पण आयुष्यभर लोकांना "आता बरं की मघाशी बरं" विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढणाऱ्या बाईला हुकूम देऊन चालत नाही. मी तिची लोकरी पट्टी डोळ्यांपर्यंत वर ओढली, मागे घट्ट गाठ मारली आणि म्हणाले, "अशीच राहा. वरपर्यंत अशीच राहावी लागेल. बघ जमतंय का."

पट्टीच्या आत तिचाच ऊबदार श्वास साठायला लागला. ती ताठ उभी राहिली. मग एका पायावरून दुसऱ्या पायावर. मग तिने दांडी धरली. मला तिच्या डोळ्यांत ठणका चढताना दिसत होता. तिने पट्टी खाली ओढली आणि बर्फाची मूठ तोंडात कोंबली.

"मघाशी बरं होतं," ती म्हणाली, आणि पंतोजीला पट्ट्याला धरून तिनेच खाली वळवलं.

वारा आता पाठीवर होता. त्याने आम्हाला उतारावर ढकललं आणि आमच्या पुढेही गेला. जमिनीलगत सळसळणारा बर्फ कमरेपर्यंत आला, मग डोक्यावर. वाटाड्याची गाडी धूसर झाली आणि दिसेनाशी झाली. आत्या पुढे बसली होती, तोंडात गार पाणी, हातमोज्यातला हात गालावर. मी मागे ब्रेकवर अख्खं वजन टाकून उभी होते. उतार एका बाजूला कलता झाला. डावी धाव उंचावरच्या बर्फावर चढली. गाडी तिरकी झाली. मी दुसरीकडे झुकले. उशीर झाला होता. गाडी उलटली!

मी तोंडावर पडले. हात दांडीवर होते. कुत्री थांबली नाहीत. आडवी गाडी घसरत होती आणि मी तिच्यामागे पोटावर. कानात बर्फ, गळपट्टीत बर्फ. मान वळवली. आत्याची जागा रिकामी होती! ती मागे पडली होती. हात सोडला तर गाडी जाणार, पांघरुणं जाणार, पाणी जाणार, आणि आम्ही दोघी या पांढऱ्यात उरणार. नाही सोडला तर प्रत्येक क्षणाला आत्या लांब जाणार. मी हात सोडला नाही. कोपराने दोरी ओढली. आकडा हाताशी आला. दाबला. निसटला. पुन्हा दाबला, छातीचं वजन टाकून. धरला! गाडीने एक आचका दिला आणि थांबली. वकील भुंकायला लागला.

मी गाडी सरळ केली, आकडा टाचेने बर्फात खोल ठोकला आणि मागे बघितलं. काही नव्हतं. आमच्या घसरण्याची खूण चार पावलांवर वाऱ्याने पुसून टाकली होती. मी हाक मारली. वाऱ्याने ती माझ्याच तोंडात परत घातली. गाडीपासून हललं तर गाडी हरवणार. उभी राहिले. कान दिले.

"ग..."

वर कुठेतरी.

"म... र..."

मग थोडं थांबून, "ट... क... प..."

माझे डोळे भरून आले. तो तक्ता होता! दुकानातला अक्षरांचा तक्ता, सगळ्यात मोठ्या अक्षरापासून खाली, ओळीमागून ओळ. घरातल्या प्रत्येकाला तो पाठ होता. आत्या एका जागी बसून, एका सुरात, एकेक अक्षर सोडत होती, म्हणजे मला आवाजाची दिशा धरता यावी. मी गाडीला बांधलेल्या लांब दोरीचं टोक कमरेला बांधलं आणि आवाजाकडे चढायला लागले. वारा वाढला की खालच्या ओळी बुडायच्या, कमी झाला की परत "ग" पासून सुरू. दोरी संपत आली तेव्हा एक काळा ठिपका दिसला. ती गुडघे पोटाशी घेऊन, वाऱ्याकडे पाठ करून बसली होती.

मी तिच्यावर जवळजवळ कोसळलेच.

"कुठल्या ओळीपर्यंत ऐकू आलं?" तिने विचारलं.

"तिसऱ्या."

"कान बरे आहेत मग. पाणी गिळलं गं मी, पडताना. आणखी आहे का?"

दोरी धरून आम्ही खाली आलो. सहाही कुत्री शेपटीने नाक झाकून वाऱ्यात गोळे होऊन पडली होती, जणू हा ठरलेलाच मुक्काम होता. तेवढ्यात खालून घंटेचा आवाज आला. आम्ही दिसत नाही म्हणून वाटाड्या आपली गाडी बांधून पायी वर चढत होता आणि चालताना कुत्र्याच्या गळ्यातली घंटा वाजवत होता. आत्याला बघून त्याने दाढीवरून हात फिरवला आणि आमच्या दोघींच्या डोक्यावर एकेक टपली मारली. दोन्ही गाड्या त्याने एकमेकींना दोराने जोडल्या आणि आम्ही त्या एका माळेने, ओलं तळं टाळून काठाकाठाने वळसा घेत, झोपडीपर्यंत उतरलो.

तिथे वाटाड्याने शेगडी जेमतेम कोळशाएवढी पेटती ठेवली. तो आणि मी कुडकुडत बसलो, म्हणजे आत्याला बसता यावं. सूज जबड्याच्या खाली उतरली नाही. मी सारखा हात लावून बघत होते, इतका की शेवटी आत्याने हातावर चापट मारली. वारा पहाटेकडे पडला. उजाडताच आम्ही निघालो, आणि कुत्र्यांना घराचा वास लागला असावा, कारण गावापर्यंत त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

दवाखाना म्हणजे एका दुकानावरची दोन खोल्यांची जागा. दाताची डॉक्टर तरुण होती, आणि घाईत नव्हती. तिने दाढेवर एक हलकीशी टिचकी मारली आणि आत्या खुर्चीतून अर्धी उठली.

"गरम लागतं आणि गारठ्याने थांबतं?" डॉक्टरने विचारलं.

"शास्त्रज्ञबाई, सांग त्यांना तुझा कुकर," आत्या म्हणाली.

मी सांगितलं. डॉक्टर ऐकत सुई भरत राहिली. "जवळपास बरोबर. आतला गाभा मेलाय. पण गाल उघडा ठेवायचा सल्ला कुणाचा?"

मी छताकडे बघितलं. आत्या म्हणाली, "कुत्र्यांचा."

दाढ राहण्यासारखी नव्हती. बाहेरच्या खोलीत वाटाड्या आणि मी बाकावर बसलो होतो. त्याच्या बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर डबकं झालं होतं. आतून हत्यारांचा किणकिणाट, डॉक्टरचं "झालं, झालं," आणि मग कसलाच आवाज नाही. वाटाड्या टोपी हातात फिरवत होता.

"वसंताच्या आधी एकदा वर हवा चांगली असते," तो म्हणाला. "ताईंना सांग. नेईन मी. पण आधी तोंड उघडून दाखवायचं."

दार उघडलं. आत्या बाहेर आली. गालात कापसाचा बोळा, चेहरा फिका, केस एका बाजूला चपटे. ती बाकावर माझ्या शेजारी बसली. मी तिच्याकडे बघत राहिले. ती जबडा धरत नव्हती. भिंतीकडे वळत नव्हती. दाराकडे, बाहेरच्या गारठ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. बराच वेळ ती नुसती बसून होती, जसं कुणी एकदम शांत झालेल्या घरात बसावं. मग तिने खांदे आवळले, दोन्ही हात काखेत घातले आणि बोळ्यातून मला म्हणाली,

"अगं, केवढी थंडी वाजतेय."

मी माझा अंगरखा काढून तिच्या खांद्यांवर घातला. वाटाड्याने त्याचा काढून गुडघ्यांवर टाकला. ती आणखी आत सरकली, उजवा गाल माझ्या खांद्यावर टेकवला, आणि डॉक्टरने कागद लिहून आणेपर्यंत गाढ झोपली होती.